‘अवर’ या शब्दाविषयी

गेल्या पावसाळ्यात शिष्यवृत्तीसंबंधीचा एक शासन निर्णय आमच्या शाळेत आला व तो सूचनाफलकावर लावण्याचे काम आम्ही नववीच्या एका विद्यार्थ्याकडे सोपविले. कागद लावून तो परत आला तो शंका घेऊनच. “सर, खाली सहीजवळ छापण्यात चूक झाली आहे. ‘अपर’ पाहिजे, तेथे ‘अवर सचिव’ असे पडले आहे.” मुलगा चाळीसगावकडचा. तेथे अपर पोलीस अधीक्षकांचे कार्यालय आहे व त्याची पाटी तो लहानपणापासून वाचीत आलेला. तेव्हा ‘अपर’ हा शब्द त्याच्या परिचयाचा आणि ‘अवर’ ही छापखान्याची चूक, असा त्याचा तर्क होता. तर्क चुकीचा असला तरी शंका चांगली होती.

आम्ही मात्र घाईत होतो. तासाची घंटा झाली होती. “छपाई बरोबर आहे, अवर म्हणजे खालचा,” एवढे सांगून आम्ही वर्गावर गेलो. शब्दाचा अर्थ सांगितला असे आम्हास वाटले. वस्तुतः अर्धाच सांगितला होता. आठ दिवसांच्या आत मधल्या सुट्टीत आमच्या कानांवर आले, “ए अवर, पाणी आण!” ज्याला उद्देशून ही हाक होती त्या मुलाचे वडील गावातील एका कचेरीत शिपाई आहेत. मुलगा काही बोलला नाही. पाणीही त्याने आणले नाही. तो हौदाजवळ उभा राहिला. वर्गात नवा आलेला शब्द मुलांनी नेमका कोठे नेऊन लावला हे पाहून आम्हास मनापासून वाईट वाटले, कारण तो शब्द त्यांच्या हाती आम्हीच दिला होता. दुसऱ्या दिवशी व्याकरणाचा ठरलेला धडा बाजूस ठेवून आम्ही या एका शब्दासच दोन तास दिले. त्या वेळी जे सांगितले व पुढे आणखी जे सुचले, ते या अंकाच्या वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम शब्दाची घडण पाहू. संस्कृतात ‘अव’ म्हणजे खाली. अवतरण, अवरोह, अवनती या शब्दांत तो आपणांस रोज भेटतो. या ‘अव’ला तुलना दाखविणारा ‘र’ लागून ‘अवर’ झाला. आणि पराकाष्ठा दाखविणारा ‘म’ लागून ‘अवम’ झाला. अशी जोडपी संस्कृतात आणखीही आहेत. अधर व अधम, पर व परम ही त्यांपैकीच. उत्तर व उत्तम या जोडीत ‘र’ व ‘म’ यांच्या जागी ‘तर’ व ‘तम’ आले आहेत इतकेच. जोडीतील पहिला शब्द दोहोंपैकी एक दाखवितो, दुसरा सर्वांच्या टोकाचा. म्हणून ‘अधर’ म्हणजे दोन ओठांपैकी खालचा ओठ. त्यात निंदा मुळीच नाही. ‘अधम’ मात्र शिवी झाली. ‘अवर’ हा ‘अधर’च्या पंक्तीचा शब्द आहे, ‘अधम’च्या नव्हे, ही गोष्ट आम्ही त्या पहिल्या दिवशी सांगावयास हवी होती.

पुष्कळांना वाटते की ‘वर’ म्हणजे श्रेष्ठ व जो वर नव्हे तो अवर. ही फोड सोयीची आहे, पण खरी नाही. मराठी माणसास तर ती अधिकच पटते, कारण आपल्या भाषेत ‘वर’ म्हणजे उंच जागी. हा मराठी ‘वर’ संस्कृत ‘उपरि’पासून प्राकृत ‘उवरि’च्या वाटेने आला, त्याचा व ‘अवर’चा काही संबंध नाही. तसेच ‘प्रवर’ हा शब्द. डाकखात्यातील ‘प्रवर अधीक्षक’ आणि कायदेमंडळातील ‘प्रवर समिती’ पाहून प्रवर व अवर ही एकाच आईची लेकरे वाटतात. पण ‘प्रवर’मध्ये निवडणे या अर्थाचा धातू आहे, प्रवर म्हणजे निवडलेला, निवडक. रूपाने जुळी, कुळाने परकी, अशी ही जोडी आहे. आमच्या धुळ्यात ज्यांनी अखेरची वर्षे काढली व ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच देह ठेवला, ते इतिहासाचार्य वि. का. राजवाडे शब्दांची कुळे शोधण्यात दिवसचे दिवस घालवीत. त्यांच्या सगळ्याच व्युत्पत्त्या पुढील विद्वानांनी मान्य केल्या नाहीत. परंतु नुसत्या रूपसाम्यावर न थांबता मूळ विचारावे, ही सवय त्यांच्यापासून घेण्यासारखी आहे.

आता मुख्य मुद्दा. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्याच अध्यायाच्या पहिल्या पादात एका सूत्रात सात शब्द एकत्र बसविले आहेत : पूर्व, पर, अवर, दक्षिण, उत्तर, अपर व अधर. हे शब्द ‘व्यवस्था’ दाखवीत असतील तर ते सर्वनामांप्रमाणे चालतात, असे तो सांगतो. ‘व्यवस्था’ म्हणजे कशाच्या तरी अपेक्षेने ठरलेले स्थान. जळगाव धुळ्याच्या पूर्वेस आहे, पण भुसावळच्या पश्चिमेस आहे. जळगाव जागचे हलले नाही. आपण कोठे उभे आहो त्याप्रमाणे दिशा बदलली. पाणिनीने ‘अवर’ हा शब्द दिशांच्या शब्दांबरोबर बसविला, ‘दुष्ट’, ‘मूर्ख’ अशा गुणदोषांच्या शब्दांबरोबर नव्हे. “तो अवर आहे” हे वाक्यच मुळी अपुरे आहे, “कोणाच्या अपेक्षेने?” असा प्रश्न विचारल्यावाचून त्याला अर्थ येत नाही. आम्ही हे फळ्यावर मांडून दाखविले तेव्हा वर्ग बराच शांत झाला.

या शब्दाचा एक सुंदर उपयोग अमरकोशात आहे. ‘अवरज’ म्हणजे मागाहून जन्मलेला, धाकटा भाऊ. वामनावतारी विष्णू हा अदितीचा पुत्र म्हणून इंद्राचा धाकटा भाऊ. त्यावरून विष्णूच्या नावांत ‘उपेंद्र’ व ‘इंद्रावरज’ अशी दोन नावे अमरसिंहाने दिली आहेत. म्हणजे मंत्रालयात ज्या दोन शब्दांनी उपसचिव व अवर सचिव ही पदे ओळखली जातात, तेच दोन शब्द येथे साक्षात विष्णूच्या नावात आहेत. जन्माच्या क्रमाने तो इंद्राहून अवर; पण पूजा कोणाची अधिक होते हे आम्ही सांगावयास नको.

दुसरा उपयोग अधिक नवलाचा आहे. धर्मशास्त्रात निर्णय देणाऱ्या परिषदेस ‘दशावरा’ किंवा ‘त्र्यवरा’ अशी विशेषणे लावतात. दशावरा म्हणजे जीत निदान दहा माणसे आहेत अशी, त्र्यवरा म्हणजे निदान तीन. येथे ‘अवर’ म्हणजे खालची मर्यादा. आजच्या सभाशास्त्रात ज्याला गणपूर्ती म्हणतात तीच ही कल्पना. तिसरा मनुष्य आला नाही तर उरलेले दोघे कितीही थोर असोत, परिषद भरत नाही.

तथापि या शब्दाचा इतिहास सर्वस्वी निर्मळ आहे असे सांगितले तर ती विद्यार्थ्यांची फसवणूक होईल. स्मृतिग्रंथांतच शूद्राला ‘अवरवर्ण’ म्हटले आहे. दिशेचा शब्द तेथे माणसाच्या जन्मास कायमचा चिकटविला गेला. ‘कोणाच्या अपेक्षेने’ हा प्रश्न विचारण्याची सोयच राहिली नाही. हौदाजवळ आमच्या मुलांनी जे केले ते याहून निराळे नव्हते. ‘नीच’ या शब्दाचीही तीच गत. मुळात त्याचा अर्थ खालच्या बाजूचा, सखल, इतकाच. नदीकाठच्या सखल शेताला तो लावला असता तर कोणाचे काही बिघडले नसते. माणसांना लावता लावता तो असा झाला की आज तो भांडणाखेरीज तोंडात येत नाही. ‘हीन’, ‘क्षुद्र’, ‘पामर’ यांची कथाही अशीच. खालचे स्थान दाखविणारे शब्द बोलीत रुळले की त्यांना माती लागते. ‘अवर’ अलीकडे वाचला तो बोलण्यात फारसा नव्हता म्हणून, असे आम्हास वाटते.

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील एकोणपन्नासाव्या श्लोकातही हा शब्द आहे. फळाच्या आशेने केलेले कर्म बुद्धियोगाहून फार अवर आहे, असा तेथील आशय. येथे कर्माची तुलना कशाशी हे त्याच श्लोकात सांगितलेले आहे, हे लक्षात घ्यावे. गीतेचा उल्लेख खानदेशात करावयाचा तर धुळ्याचा तुरुंग आठवल्यावाचून राहत नाही. १९३२ साली त्या तुरुंगात विनोबांनी रविवारामागून रविवार गीतेवर प्रवचने केली व साने गुरुजींनी ती उतरून घेतली. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेतील शिक्षक. बोलणारा व लिहून घेणारा दोघेही तेव्हा कैदी. कैद्याहून खालची पायरी सरकारदरबारी दुसरी कोणती असणार?

मराठी राज्यकारभारात ‘अवर’ हा शब्द जुना नाही. आपल्याकडे खालच्या पदांचे शब्द आले ते फारशी व अरबीतून, आणि ते इतके मुरले की परके वाटत नाहीत. ‘अव्वल’ म्हणजे पहिला, ‘दुय्यम’ म्हणजे दुसरा. जमिनीची प्रतवारी अव्वल, दूम, सीम अशी करीत, त्यात दूम म्हणजे दुसऱ्या प्रतीची. ‘दुय्यम’ हा केवळ क्रमवाचक. पण “दुय्यम दर्जाचा” म्हटले की आता कमीपणा वाटतो. ‘दुय्यम निबंधक’ या पदात मात्र तो अजून सरळ अर्थाने उभा आहे व खरेदीखत करणारा शेतकरी त्याला कमी लेखीत नाही. ‘अव्वल कारकून’ हे नाव तर गमतीचेच. नावाने पहिला, पण नायब तहसीलदाराच्या खाली.

‘नायब’ या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. अरबीत नायब म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा, प्रतिनिधी. मराठेशाहीत प्रधान स्वारीवर गेला म्हणजे त्याचे काम पाहणाऱ्यास ‘मुतालिक’ म्हणत, तसाच हा. या ‘नायब’चे अनेकवचन अरबीत ‘नुव्वाब’. ते आदरार्थी एकवचनासारखे वापरले जाऊ लागले व त्यातूनच आपला ‘नवाब’ जन्मास आला! तालुक्याच्या कचेरीत फायलींच्या ढिगाऱ्यामागे बसलेले नायब तहसीलदार व लखनौचे नवाब हे शब्दाच्या नात्याने एकाच घरचे. यावर वर्ग मनमुराद हसला व आम्हीही हसलो.

फारशी ‘खुर्द’ म्हणजे लहान आणि ‘बुजुर्ग’ म्हणजे मोठा, वडील. त्या बुजुर्गाचे आपल्या तोंडी ‘बुद्रुक’ झाले. जळगाव व धुळे जिल्ह्यांत एकाच नावाची दोन गावे जवळजवळ असली की एक बुद्रुक व दुसरे खुर्द. खुर्द गाव पुढे वाढून बुद्रुकाहून मोठे झाले तरी नाव तेच राहते. मुलुखाच्या विभागांतही असाच मान होता. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्वेचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. तालुक्यावर मामलेदार असे व तालुक्याच्या पोटात असलेल्या पेट्यावर महालकरी. एदलाबाद हा भुसावळ तालुक्याचा पेटा होता. आज मुक्ताईनगर या नावाने तो स्वतःच तालुका आहे. आणि १८१८ पासून ज्या धुळ्याहून साऱ्या खानदेशचा कारभार चाले, त्याच्या जिल्ह्यातूनही १९९८ मध्ये नंदुरबार जिल्हा वेगळा झाला.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले व कारभार मराठीतून करावयाचा म्हणून इंग्रजी पदांना मराठी नावे देणे भाग पडले. १९६२ मध्ये ‘पदनाम कोश’ निघाला. संस्कृत शब्दांच्या त्या गर्दीची पुष्कळ थट्टा झाली; आचार्य अत्र्यांनी त्यास ‘बदनाम कोश’ म्हटले. थट्टा करण्यासारखे त्यात काही होतेच. पण अडचणही खरी होती. सचिवाच्या खाली एकामागून एक पायऱ्या. सर्वांना ‘दुय्यम’ म्हणून कसे चालेल? म्हणून सचिव, सह सचिव, उपसचिव, अवर सचिव व त्याखाली कक्ष अधिकारी अशी उतरंड रचली गेली. इंग्रजी ‘अंडर सेक्रेटरी’तील ‘अंडर’साठी ‘अवर’ घेतला. अर्थाने तो चपखल आहे. दोष एवढाच की तो व ‘अपर’ कानाला व डोळ्याला फारच जवळ पडतात, आणि दोघांची पदे मात्र दूर.

‘अपर’ म्हणजे दुसरा, आणखी एक. अपर जिल्हाधिकारी म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या जोडीला दिलेला आणखी एक. अपर मुख्य सचिव हा सचिवांच्याही वर. अवर सचिव हा उपसचिवांच्याही खाली. एका अक्षराने एवढा फरक पडतो, म्हणून अर्जावर पत्ता लिहिताना ‘प’ व ‘व’ नीट काढावा. बाकी ‘अपर’लाही खालच्या अर्थाचा स्पर्श नाही असे नाही. मुंडकोपनिषदात परा व अपरा अशा दोन विद्या सांगितल्या असून अपरा ही खालची. त्या खालच्या विद्येत व्याकरणाचीही गणना आहे; तेव्हा हा आमचा सगळा लेखच अपरा विद्येत जमा!

प्रयोगाविषयी दोन शब्द. ‘उप’ हा उपसर्ग, म्हणून ‘उपसचिव’ जोडून लिहावे. ‘अवर’ हे विशेषण, म्हणून ‘अवर सचिव’ तोडून लिहिले तरी शोभते. पदावर स्त्री असो वा पुरुष, शब्द बदलत नाही. पण घरगुती लेखनात हा शब्द आणू नये. “माझा अवर बंधू” असे निबंधात लिहिणारा एक विद्यार्थी आम्हास भेटला आहे. आपल्याकडे ‘धाकटा’ आहे, अहिराणीत ‘धाकला’ आहे. घरात तोच गोड लागतो. ‘कनिष्ठ’ हा बहुतेक ठिकाणी चालतो, परंतु तो मुळातच पराकाष्ठेचा शब्द आहे, सर्वांत लहान या अर्थाचा. करंगळीला कनिष्ठिका म्हणतात ती त्यामुळेच. म्हणून ‘कनिष्ठतम’ लिहिणे म्हणजे टोपीवर टोपी घालणे होय.

इंग्रजी शिकणाऱ्या वरच्या वर्गांसाठी आणखी एक सांगतो. इंग्रजी फौजेत कॅप्टनच्या खालच्या अंमलदारास ‘सबाल्टर्न’ म्हणतात. लॅटिनमध्ये ‘सब’ म्हणजे खाली व ‘आल्टर’ म्हणजे दुसरा. जणू आपले अवर व अपर एकाच शब्दात येऊन बसले. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम हा खानदेशात भिल्ल पलटण उभी करण्यास आला तेव्हा तो लेफ्टनंटच होता, म्हणजे सबाल्टर्न. वय अवघे बावीस. धरणगावास त्या पलटणीचे ठाणे होते. आउट्रमचे चरित्र लिहिले गेले. त्याच्या हाताखाली जे भिल्ल शिपाई होते त्यांची नावे शाळेच्या पुस्तकांत आम्ही पाहिली नाहीत. १९८२ पासून रणजित गुहा व त्यांचे सहकारी यांनी इतिहासाची जी ग्रंथमाला काढली, तिच्या नावात हाच ‘सबाल्टर्न’ शब्द आहे. ज्यांचा इतिहास वरच्यांच्या कागदपत्रांत उलट्या बाजूने वाचावा लागतो अशा लोकांसाठी त्यांनी तो योजला.

दोन तासांच्या शेवटी आम्ही वर्गास एक वाक्य लिहावयास सांगितले : ‘अवर’ हा शब्द वापरावयाचा, पण कोणाच्या अपेक्षेने ते लिहिल्याशिवाय नाही. पाणी न आणणाऱ्या त्या मुलाने लिहिले, “अवर सचिव हे उपसचिवांच्या अपेक्षेने अवर व कक्ष अधिकाऱ्यांच्या अपेक्षेने पर आहेत.” वाक्य निर्दोष होते. ज्याने त्याला हाक मारली होती त्याचे वाक्य साधले नाही. त्याने ते तीन वेळा खोडले व वही मिटून ठेवली. घंटा झाल्यावर तो पहिला मुलगा टेबलापाशी आला व त्याने विचारले, “सर, मग ‘अवम सचिव’ कोणी असतो का?” असे पद आमच्या पाहण्यात कोठेही नाही, असे आम्ही त्यास सांगितले. जी तिथी एकाही सूर्योदयास सापडत नाही तिला पंचांगात अवम म्हणतात. ती पाहावयाची असल्यास घरच्या पंचांगात पाहा, असे सांगून आम्ही वर्ग सोडला.